नाव मोठं, लक्षण अर्धं खरं

शुक्रवारी संध्याकाळी रिलीज एकदाचा मार्गी लागला आणि खुर्चीत जरा मागे टेकतोय तोवर ऑफिसातल्या एका पोराचा फोन. "दादा, एक जिप्सी मिळतेय. किंग, सॉफ्ट टॉप, २००४ची. गाडी साताऱ्याला आहे. घेऊ का?"

या वर्षात हा प्रश्न विचारणारा तो चौथा. माझ्याकडे सहा वर्षांपासून अशीच एक जिप्सी आहे, त्यामुळे मला यातलं काही कळतं असा लोकांचा (गैर)समज आहे. आत्तापर्यंत प्रत्येकाला मी मूड बघून उत्तर दिलंय. नुकताच घाटातून आलेलो असलो तर "डोळे मिटून घे". नुकतंच गॅरेजचं बिल भरलेलं असलं तर "वेड लागलंय का". चौथ्याला तरी नीट विचार करून सांगावं म्हणून हा वीकांत त्याच्या नावे.

तर प्रश्न असा. जुन्या, उघड्या जिप्सीचं जे एवढं नाव आहे, ते खरं आहे का?

आधी एक शंका निकालात काढू. कोणी म्हणेल, ही तर जीप झाली, हिला स्पोर्ट्‌स कारच्या पंक्तीला कशाला बसवतोस? सांगतो. कॉलेजातला माझा एक मित्र कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे १९९०ची माझदा मिआटा आहे. दोन सीटची, कापडी टपाची, १६०० सी.सी., ११६ अश्वशक्ती, वजन टनाच्या आतबाहेर. ही गाडी १९८९ मध्ये आली. जपान्यांनी जुन्या इंग्लिश रोडस्टर गाड्यांची मजा उचलली आणि त्यांचं तेल गळणं तेवढं तिकडेच ठेवलं. २०१६ पर्यंत दहा लाख मिआटा बनल्या. तिकडे नोकरदार माणसाला परवडणारी जुनी उघडी गाडी म्हटलं की पहिलं नाव हिचं. मित्र दर रविवारी डोंगरातले फोटो पाठवतो आणि मी दर रविवारी त्याला म्यूट करतो.

आपल्याकडे मिआटा अधिकृतपणे कधी आलीच नाही. आपली म्हणावी अशी एक होती, सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली. फायबरची बॉडी, दोन सीट, रेनॉचं ११४९ सी.सी.चं ६० अश्वशक्तीचं इंजिन. फार थोड्या लोकांनी घेतली आणि ती गाडी इतिहासात गेली. आज एखादी मिळालीच तर काचेपासून कुलपापर्यंत प्रत्येक पार्टसाठी वणवण करायची तयारी हवी. म्हणजे मध्यमवर्गीय पगारात बसणारी, वारा अंगावर घेणारी, पार्ट मिळणारी जुनी गाडी हवी असेल तर मराठी माणसाच्या हातात शेवटी येते ती जिप्सीच (किंवा जुनी जीप, पण तो वेगळा संप्रदाय आहे).

आणि गंमत बघा. किंग जिप्सीचा कागद हातात घ्या. इंजिन पुढे, लांबीत बसवलेलं. फोर बाय फोर टाकली नाही तर ओढ मागच्या चाकांना. हाताने टाकायचे पाच गिअर. १३०० सी.सी., १६ व्हॉल्व्ह, ८० अश्वशक्ती. कापडी हूड. वजन साधारण ९८५ किलो. कागदावर ही चक्क स्पोर्ट्‌स कार आहे! कागदावर. माझा बायोडेटाही कागदावर चांगलाच दिसतो.

*

मी नगरचा. (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर, पण जिभेला अजून जुनंच वळण आहे.) नगरच्या पोराला जिप्सी माहीत नाही असं होत नाही. गावाला खेटून लष्कराची छावणी, रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र, रणगाड्यांचं संग्रहालय. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्ही.आर.डी.ई. ही संस्थाही इथलीच. शाळेत सायकलवरून जाताना फाटकाशी थांबलो की समोरून हिरव्या जिप्स्यांची रांग जायची. हूड उतरवलेलं, पुढे ताठ बसलेला अधिकारी, मागे वायरलेसची काठी हलतेय. आमच्या बाबांकडे तेव्हा लूना होती, तीही नगरच्याच कारखान्यात बनलेली. लूनावर मागे बसून ती रांग बघताना मी ठरवलं होतं, नोकरी लागली की घ्यायची ती हीच.

सांगायचा मुद्दा, जिप्सीचं नाव आपल्या मनात असं तयार झालंय. १९८५च्या शेवटी ती आली तेव्हा ९७० सी.सी.चं इंजिन होतं, ४५ अश्वशक्ती, चार गिअर. १९९३ मध्ये दोन चाकांमधलं अंतर ९० मि.मी.नी वाढवलं. १९९६ मध्ये १३०० सी.सी.चं इंजिन आणि पाचवा गिअर आला. २००० मध्ये १६ व्हॉल्व्हचं, ८० अश्वशक्तीचं इंजिन आलं. बाकी पत्रा, पाटे, आकार जवळपास तसाच. २०१८ सरता सरता कंपनीने बुकिंग बंद केलं, कारण नवे सुरक्षा-नियम आणि बी.एस.-६ दारात उभे होते. तेहतीस वर्षं! आमच्या क्षेत्रात तेहतीस महिने टिकलेल्या कोडला लोक पुरातत्त्व खात्याकडे सोपवायच्या गोष्टी करतात.

या तेहतीस वर्षांत तिच्या नावावर तीन गोष्टी जमा झाल्या. एक, ती कुठेही जाते. दोन, ती कधी बिघडत नाही, आणि बिघडलीच तर कुठलाही मिस्त्री झाडाखाली दुरुस्त करतो. तीन, ती चालवण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही. एकेक बघू.

*

कुठेही जाते? हो. इथे मी शंभरपैकी नव्वद मार्क देतो.

मागच्या वर्षी जुलैत भंडारदऱ्याहून रतनवाडीच्या बाजूला गेलो होतो. अकोले, राजूर मागे टाकलं की नगर जिल्हा बदलतोच. इकडे पूर्वेला पाथर्डी-शेवगावकडे ढगाकडे डोळे लावून बसलेली माणसं, आणि तिकडे पश्चिमेला छत्री कुठे मिटायची हा प्रश्न. रस्त्याकडेला गाडी बाजूला घ्यायला म्हणून एक मोठी, नवी, चकचकीत एस.यू.व्ही. खाली उतरली होती आणि तांबड्या चिखलात पोटापर्यंत बसली होती. चार चाकांना ओढ होती, स्क्रीनवर डोंगराचं चित्र होतं, सगळं होतं. मी तिच्या शेजारून लो टाकून निघून गेलो. यात माझं काही कौशल्य नाही. चिखलात कोण रुततं हे आधी वजन ठरवतं. ती गाडी दोन टनांच्या आसपास, माझी त्याच्या निम्मी. शिवाय लो टाकलं की त्याच गिअरमध्ये चाकाला दीडपटीहून थोडी जास्त ओढ मिळते आणि वेग तेवढाच कमी होतो. इंजिन बिचारं लहान आहे, पण ओझंही लहान आहे. आणि रुतलीच तर चार माणसं ढकलून काढतात. क्रेन शोधावी लागत नाही.

दहा मार्क कापले ते एका गैरसमजासाठी. लोकांना वाटतं ही जीपसारखी खालच्या आरपीएमला ओढते. नाही ओढत. जुनी डिझेल जीप क्लच सोडला की बैलासारखी चालायला लागते. जिप्सीचं इंजिन मूळचं लहान कारच्या घराण्यातलं. त्याचा जोर वर, साडेचार हजार आरपीएमच्या आसपास. चढावर आळस केला की ती मान टाकते. नवीन माणूस दोनदा बंद पाडतो, मग शिव्या देतो, मग शिकतो. हा तिचा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

*

कधी बिघडत नाही? इथे मात्र नाव आणि वस्तू यांची फारकत होते.

आमच्या नगरला ही फारकत नवीन नाही. गावाच्या पूर्वेला पाथर्डी रस्त्याने गेलं की डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. आख्खं गाव तिला चांदबीबीचा महाल म्हणतं. शाळेची सहल जाते, लग्नाआधीचे फोटो तिथे निघतात. प्रत्यक्षात तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. निजामशाहीतल्या सलाबतखान नावाच्या मंत्र्याची ती कबर आहे. इमारत भक्कम, देखणी, यात वाद नाही. फक्त श्रेय भलत्याच्या नावावर गेलंय.

जिप्सीचं अगदी असंच झालंय असं माझं मत आहे, आणि हे मत मला एका माणसाने दिलं. आमच्या गल्लीत लष्कराच्या ई.एम.ई.मधून निवृत्त झालेले एक काका राहतात. आयुष्यभर गाड्याच दुरुस्त केल्या. मी गाडी घेतली त्या पहिल्या आठवड्यात त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवायला नेली. त्यांनी बोनेट उघडलं, खाली वाकून चेसिसवर किल्लीने टकटक केलं, मॅट उचलली, आणि म्हणाले, "काय रे इंजिनिअर, किती दिवस झाले हिला कोणी बघितलं नाही?"

मी म्हटलं, "काका, ही बिघडतच नाही म्हणतात ना?"

ते हसले. "आमच्याकडं रोज बघायचे तिला. तेल, पाणी, नट, पाटे. तारखेला तेल बदललं का ते वहीत लिहायला लागायचं. बिघडायच्या आत पार्ट बदलायचा. गाडी टिकत नसते बाळा, टिकवायला लागते."

हे ऐकून मला आमच्या कंपनीतला एक सर्व्हर आठवला. पाच वर्षं एकदाही पडला नाही म्हणून सगळे त्या मशीनचं कौतुक करायचे. मग त्याची काळजी घेणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि तीन महिन्यांत त्या मशीनने आम्हाला रात्री दोन वाजता उठवायला सुरुवात केली. मशीन तेच होतं!

लष्कराच्या जिप्सीमागे एक आख्खी व्यवस्था उभी होती. वर्कशॉप, पार्टचं कोठार, वही, आणि वहीवर सही करणारा साहेब. तेहतीस वर्षांचं नाव त्या व्यवस्थेने कमावलं. आपण विकत घेतो तेव्हा फक्त पत्रा घेतो. व्यवस्था तिकडेच राहते. आपल्या बाजूला असतो एक रविवार, तोही बायकोने मोकळा ठेवला तर.

माझ्या गाडीच्या मॅटखाली काय निघालं? गंज. हूडची गाडी म्हणजे पाणी आत येणारच. ते मॅटखाली जाऊन बसतं आणि खालून पत्रा खातं. त्यात माझी भर अशी की पहिल्या पावसाळ्यात बाजूचा पडदा नीट न लावता मी तिला आठवडाभर पार्किंगमध्ये उभी केली. दोष कोणाचा? अर्थात माझा. डाव्या बाजूचा फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड केला. इंजिन, गिअर मात्र खरोखर साधे आहेत. पार्ट अजून तरी मिळतात आणि खिसा फाडत नाहीत. झाडाखाली दुरुस्त होते हेही खरं. पण झाडाखालचा जो मिस्त्री हिच्यावर शिकला तो आता साठीचा आहे. त्याच्या हाताखालचा पोरगा गाडीला लॅपटॉप लावायला शिकलाय आणि त्यात त्याची काही चूक नाही.

अजून एक गोष्ट आपले जिप्सीभक्त सोयीस्करपणे विसरतात. ज्या लष्कराच्या जिवावर आपण छाती फुगवतो, त्यांनी हिच्या जागी नवी गाडी शोधताना काय मागितलं? वरती पक्कं छप्पर, आत एसी, आणि ५०० ऐवजी ८०० किलो वाहून नेण्याची ताकद. २०१७ मध्ये टाटांच्या सफारी स्टॉर्मची ३,१९२ गाड्यांची ऑर्डर गेली ती यातूनच. म्हणजे जो रोज वापरतो त्याने छप्पर मागितलं, आणि आपण वीकांताला वापरणारे ते काढून टाकायला पैसे मोजतोय.

*

आता तिसरी गोष्ट, मजा. इथे मला जरा प्रामाणिक व्हावं लागेल.

पुणे-नगर रस्त्यावर, शिरूरच्या पुढे मोकळ्या पट्ट्यात जिप्सी चालवणं ही मजा नाही. मागचे-पुढचे पाटे ५०० किलो ओझ्याच्या हिशोबाने बसवलेले. एकटा माणूस बसला की गाडी टणाटण उडते. पॉवर स्टेअरिंग कधी आलंच नाही. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंगला सारखं समजवावं लागतं. नव्वदनंतर हूड फडफडतं, शंभरनंतर इंजिन ओरडतं, आणि शेजारच्याशी बोलायचं तर व्हॉट्सअ‍ॅप करावं लागतं. ट्रकने ओव्हरटेक केलं की वाऱ्याने गाडी हातभर सरकते.

त्यात ती उंच आणि अरुंद. रुंदी अवघी १५४० मि.मी. हिचा एक आखूड भाऊ आहे, सुझुकी सामुराई. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्‌स' मासिकाने त्याला 'स्वीकारण्याजोगी नाही' असा शेरा मारला. अचानक वळवली तर कलंडते म्हणून. सुझुकीने १९९६ मध्ये कोर्टात खेचलं, २००४ मध्ये आपसात मिटलं. ती चाचणी रास्त होती की नाही यावर भांडणारे अजून आहेत. आपली जिप्सी त्या भावापेक्षा लांब आहे आणि १९९३ नंतरची जरा रुंदही. तरी उंच स्टुलावर बसून कोणी गोल गरगर फिरू नये, एवढं शहाणपण दोघांनाही लागू.

हे मला वाचून माहीत होतं. कळलं मात्र दोन वर्षांपूर्वी.

जानेवारी महिना. पुण्याहून नगरला निघायला उशीर झाला. बायको शेजारी, आणि तीन वर्षांची चिऊ तिच्या मांडीवर झोपलेली. (हो, मांडीवर. माहीत आहे मला. वाचा पुढे.) सुप्याच्या अलीकडे अंधारात समोर अचानक एक काळी भिंत उभी राहिली. उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात हे रोजचं, आणि मी नगरचा असून विसरलो. ब्रेक दाबला. एबीएस नाही. शॉकअप बदलायचे मी दोन महिने टाळत होतो. मागची बाजू डावीकडे घसरली, परत उजवीकडे आली, आणि गाडी उभी राहिली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेला ऊस बोनेटच्या वर होता. हात पुढे केला असता तर कांडकं मोडून घेता आलं असतं.

कोणाला काही झालं नाही. चिऊ उठलीसुद्धा नाही. नगर येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "ही गाडी तुझी. मी आणि चिऊ यापुढे एस.टी.ने येऊ."

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझी बाजू घेतली. "अगं, आम्ही याला लूनावर पुढं उभा करून सगळं नगर फिरवलं. काय झालं याला?" खरंय, मला काही झालं नाही. पण ज्यांना झालं ते असल्या गप्पांत सामील व्हायला उरलेले नाहीत, म्हणून आपल्याला या आठवणी गोड लागतात. बाबांना हे मी बोललो नाही. बायकोला मात्र बोललो, "तुझं बरोबर आहे."

कारण साधं आहे. जिप्सीत मागे समोरासमोरची बाकडी आहेत, आडवी. मुलाची सीट बांधायला तिथे काही नाही. एअरबॅग कुठेच नाही. पुढे बसवावं तर लहान मुलाची जागा पुढे नाही. हे काही कोणी लपवून ठेवलेलं नाही, गाडी तशीच आहे, १९८५च्या हिशोबाची. लपवाछपवी मी स्वतःशी करत होतो. "जिप्सी म्हणजे दणकट" हे वाक्य मी "जिप्सी म्हणजे सुरक्षित" असं वाचत होतो. दणकट म्हणजे गाडीला काही होत नाही. सुरक्षित म्हणजे आतल्या माणसाला काही होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझ्यासारखा पंधरा वर्षं कोड लिहिणारा माणूस त्यांना एकच समजत होता.

*

मग मजा खोटी का? नाही. तीच तर पंचाईत आहे.

पाऊस उघडल्यावर सप्टेंबरात कधी भंडारदऱ्याहून घाटघरच्या रस्त्याला लागा. सकाळी साडेसहा. हूड काढून मागे गुंडाळलेलं. डावीकडे-उजवीकडे भाताची खाचरं, समोर कळसूबाईच्या रांगेवर ढग. वेग ताशी चाळीस. आणि आता ते इंजिन आठवा, जोर वर असणारं. दुसऱ्या गिअरमध्ये त्याला साडेचार हजारावर धरून ठेवलं की ते गायला लागतं. वळण आलं, पाय उचलला, गिअर टाकला, परत दिला. प्रत्येक वळणाला हात, पाय, कान सगळ्यांना काम. नव्या गाडीत याच रस्त्याने चाळीसने गेलं तर झोप येते. मजा येण्यासाठी ऐंशी करावे लागतात, आणि त्या रस्त्यावर ऐंशी करणं म्हणजे कोणाच्या तरी म्हशीच्या जिवाशी खेळ. चाळीसमध्ये ऐंशीची मजा देणं, हा जिप्सीचा खरा गुण. मित्राला हे लिहिलं तेव्हा त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: मिआटाचं गुपितही हेच. वजन कमी, वारा अंगावर, आणि गाडीच्या ताकदीचा शेवटचा थेंबही वापरता येतो. फरक एवढाच की मिआटा जमिनीला चिकटून हे करते, त्यामुळे तिकडच्या हायवेवरही करते. जिप्सी स्टुलावर उभी राहून करते, म्हणून तिला छोटा रस्ता लागतो.

कोणी म्हणेल, मग थार घे की. २०२० च्या थारला कापडी टपाचाही पर्याय मिळत होता, आणि त्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. अगदी मान्य. कुटुंबाला एकच उघडी गाडी हवी असेल तर तीच घ्या, मी हात जोडून सांगतो. पण ती दीड टनाच्या वरची आहे. तिची मजा वेगळ्या जातीची.

*

तर आता निकाल, आणि त्या पोराला उत्तर.

जिप्सीचं नाव अर्धं खरं आहे. हलकी, साधी, उघडी, लहान वाटेवरची राणी, हे तिचं स्वतःचं. न बिघडणारी, हे तिला सांभाळणाऱ्यांचं. आणि सुरक्षित, हे कोणाचंच नाही, आपण आपल्या सोयीने चिकटवलेलं.

घरात दुसरी गाडी असेल, महिन्यातले दोन रविवार हात काळे करायची तयारी असेल, आणि राहत्या जागेपासून जवळ छोटे, वळणाचे रस्ते असतील तर घे. पुण्याहून दर आठवड्याला हायवेने गावी जायला, किंवा घरातली एकुलती एक गाडी म्हणून घेणार असशील तर नको. यात "पण दादा..." नाही.

घेणार असशील तर तीन गोष्टी बघ. पहिली, आर.सी. सॉफ्ट टॉपला मागणी म्हणून हार्ड टॉपचं छप्पर कापून हूड बसवलेल्या गाड्या बाजारात आहेत. कागदावर एक आणि अंगावर दुसरं, असं असेल तर हात लावू नकोस. मूळ रचनेत फेरफार कायद्याला चालत नाही आणि पासिंगला अडकशील. लष्कराच्या लिलावातली म्हणून सांगितली तर मुलकी नोंदणीचे कागद पूर्ण आहेत का ते आधी बघ. दुसरी, खर्च. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. २००४ ची गाडी म्हणजे तू त्यातच येतोस. पर्यावरण कर वेगळा. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या त्या हिशोबाच्या नाहीत, मी सगळ्या बदलल्या. (ज्या उसाने मला घाम फोडला तोच आता माझ्या टाकीत आहे, याला काय म्हणावं?) तिसरी, मॅट उचलून बघ, आणि चेसिसवर किल्लीने टकटक कर. कसा आवाज यायला हवा ते मी येऊन दाखवतो. किंवा काकांनाच घेऊन येतो.

माझ्या जिप्सीचं काय? विकायला काढली होती. एक जण बघायलाही आला. मग नाही विकली. आता ती नगरला आई-बाबांच्या अंगणात असते. हायवे बंद. मी एकटा, किंवा बाबा आणि मी, पहाटे डोंगरावर चांदबीबी महालापर्यंत जातो (होय, मीही महालच म्हणतो) आणि नाश्त्याला परत. एक वही केली आहे, काकांसारखी. तेल, पाणी, नट, पाटे, तारीख. सही करायला साहेब नाही म्हणून बाबा करतात.

चिऊ आता पाच वर्षांची आहे. तिला जिप्सीत बसायचं असतं, आणि मी तिला बसवतो. अंगणात, इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. हूड काढायचं. ती ड्रायव्हरच्या सीटवर उभी राहून स्टेअरिंग फिरवते, मला मागच्या बाकड्यावर बसवते आणि विचारते, "बाबा, कुठे सोडू?" मी घाटघर सांगतो. दहा मिनिटांत पोचतो आम्ही.

एस.टी.चं म्हणाल तर, बायको अजून शब्दाला पक्की आहे.